पायाला बांधलेली चिठ्ठी

कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात, जिन्याखाली,
सागवानी कपाटाचे चौदा खण.
ओढला की आधी डांबरगोळीचा वास,
मग डोळ्यांच्या जागी कापूस.
पाखरं उताणी, चोची भिंतीकडे,
पायाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी:
गाव, तारीख, नर किंवा मादी.

यंदा मोजदादीला मला बसवलंय.
शिंजीर, कळंबा तलाव, नर.
साठ वर्षं झाली मरून,
तरी खिडकीकडे वळवला की गळा पेटतो जांभळा.
शेजारी त्याची मादी,
वाळल्या पानाच्या पाठीसारखी.

दरवर्षी शिकवते मी हे:
ती निवडत गेली, तो उजळत गेला,
हजारो पिढ्या, एकेक पीस.
आणि घरट्यावर ती बसायची,
तेव्हा जी उठून दिसली ती सापाच्या पोटात,
जी दिसली नाही तिच्या लेकी आज कुंपणावर.
हंगाम सरला की तोही उतरवतो सगळं,
छातीवर एक काळी रेघ तेवढी ठेवतो,
पावती जपावी तशी.

मागच्या बाकावरून उज्जयिनी खोत म्हणाली,
म्हणजे आधी तीसुद्धा रंगीत होती, मॅडम?
काही कुळांत होती, म्हटलं.
रंग दोघांचा होता, तिचा गेला.
गेला का तिनं टाकला, तिनं विचारलं,
आणि तास संपल्याची घंटा झाली, बरं झालं.

अकरावा खण. पाणलावा, जोडी,
रंकाळ्यामागची भातखाचरं.
एकाची मान पिकल्या चिंचेच्या रंगाची,
डोळ्याभोवती पांढरा चष्मा. शाईनं: नर.
दुसरं मळकट, ढेकळात ठेवलं तर हरवेल. शाईनं: मादी.
मी वहीत तसंच उतरवत होते.

शौकत मुजावर कपाट पुसत होता.
त्याचे अब्बाही इथेच शिपाई होते,
विभागाची पाखरं तेच सोलायचे.
म्हणाला, चिठ्ठी उलटी करून बघा की.

मागं शिसपेन्सिलीची पुसट ओळ, उर्दूत.
मला येत नाही. त्यानं वाचली:
मादा.
मग मळक्याची उलटी केली: नर.
चार अंड्यांवरून उचलला, उठला नाही.

सर खुर्चीत बसून सांगायचे म्हणे,
झगझगीत तो नर, लिही.
अब्बा लिहायचे.
पण पोट अब्बांनी फाडलं होतं,
राजगिऱ्याएवढ्या अंड्यांचा घोस
त्यांच्या बोटाला लागला होता.

या जातीत ती घुमते, ती भांडते,
चार अंडी घालून दुसऱ्या बांधावर निघून जाते.
तो बसतो. तो पिल्लं फिरवतो.
पुस्तकात आहे हे, मी वाचलंय,
परीक्षेत पाच मार्कांना विचारलंयसुद्धा.
आणि वीस वर्षं या खणापाशी येऊन
शाईवर विश्वास ठेवलाय.

शौकत त्या मळक्या पाठीवर अंगठा ठेवून
जरा उभा राहिला.
चारला त्याला निघावं लागतं रोज,
मुलीची शाळा सुटते.

नवी चिठ्ठी लिहिली, दोन्ही पायांना बांधली.
जुनी सोडली नाही.
खण अर्ध्यात अडकला, दमट हवेत अडकतोच.
शौकतनं गुडघा लावून आत ढकलला.