चकटफू

अफुलाच्या बसस्थानकावर पावणेसहाला
लाल एप्रनातली तिरुनेश
गठ्ठ्याची प्लॅस्टिकची पट्टी दातानं तोडते.
"खिनाम, खिनाम," म्हणते,
आणि हात पुढे येतात,
सैनिकाचा, नर्सचा, बटाट्याची पिशवी धरलेला एक.
कोणी थांबत नाही.
फुकटापाशी थांबावं लागत नाही.

तिच्यापासून चौदा पावलांवर
येरखमिएलचा ठेला.
पावलं त्यानंच मोजलीत.
पूर्वी चाळीस अंक जायचे, मग अकरा,
आता तो तीनच मागवतो
आणि त्यातलाही एक संध्याकाळी परत जातो.
शुक्रवारचा जाड अंक तेवढा तग धरून,
लांबच्या गावी दिलेल्या लेकीच्या नवऱ्यासारखा:
जड, पण येतो.

"पैसे कोण भरतं याचे?"
विचारतो तिला. रोज नाही, अधूनमधून.
तिला माहीत नाही. तिला तासाचे मिळतात.
"कोणीतरी भरतंच," म्हणतो,
आणि त्याच कागदात
सूर्यफुलाच्या बिया बांधून देतो गिऱ्हाइकाला.
कागद चांगला आहे, हे कबूल करतो.
शाई बोटांना लागते,
दोन्हींची सारखीच.

परवा ती गठ्ठा तसाच टाकून ठेल्याशी आली.
आई गेली होती तिची.
विकतच्या पेपरात, आतल्या पानावर, काळी चौकट.
तिथं शब्दागणिक पैसे,
म्हणून गोंदरकडचं गाव गाळावं लागलं,
आणि 'प्रेमळ'.
नाव राहिलं. वार राहिला.

"किती आहेत?"
"तीन."
तिन्ही घेतले तिनं. नाणी मोजून ठेवली.
येरखमिएलच्या जिभेवर तो शब्द आला होता,
तिचाच,
चौदा पावलं चालत.
गिळला.
पैसे घेतले, सुट्टे परत दिले.

सव्वासातला त्सिपोराबाई आल्या,
तीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलेल्या,
नेमकी चिल्लर मुठीत.
"संपले," येरखमिएल म्हणाला.
किती वर्षांनी म्हणाला,
त्याचं त्यालाच ऐकू आलं.
मग हनुवटीनं पलीकडचा गठ्ठा दाखवला.

बाई गेल्या. एक घेतला.
उजवीकडून उघडला,
आणि धर्माच्या गाईचे दात मोजावेत तशा
उभ्याउभ्या चुका काढू लागल्या.

मुठीतली चिल्लर मुठीतच.