चेंजओव्हर

भर बाराला लाइट गेली.
वर आठ पाट्या लख्ख, सकाळीच पुसलेल्या,
ढगाचा ठिपकासुद्धा नाही बेळगुंदीवर,
आणि खाली पंखा
थांबत थांबत थांबला.

इराप्पाला फोन लावला, चढ्याच आवाजात.
तीन लाख घातले की बा,
ऊन फुकट सांडूलंय आणि घर बंद,
हे कसलं सोलर?
तो जेवत होता. घास गालात सारून म्हणाला,
मामा, खांबावर कोण चढलंय
ते दिसतंय काय तुमास्नी?

आमच्या घरातून खांब दिसत नाही.

उद्यमबागेत चौतीस वर्षं लेथ चालवली मी.
केसाएवढा फरक बोटाला कळायचा.
पण ज्या साली मार्कंडेय रस्त्यावर आली
आणि पाच दिवस गावात काळोख,
फ्रिजमध्ये जनाक्काचं इन्शुलिन,
त्या साली एक वायर केली मी,
दोन्ही टोकांना पिना.
एक टोक जनरेटरला, एक स्वयंपाकघरातल्या सॉकेटला.
घर उजळलं. मीच माझी पाठ थोपटली.
मेन खाली ओढायचा राहिला.

माझं दोनशे तीस
तारेवरून ट्रान्सफॉर्मरपर्यंत गेलं,
उलटं चढून अकरा हजार झालं,
आणि तिथं भीमशी तळवार होता,
लाइन मेलेली समजून
उघड्या हातांनी.
'यव्वा' म्हणाला म्हणे.
मला ऐकू आलं नाही. जनरेटर चालू होता.

उजव्या हाताची दोन बोटं गेली. जीव राहिला.
करंट कुठून आला ते समजलं नाही,
असं हेस्कॉमच्या कागदात लिहिलं होतं, कन्नडात.
शेजारच्या पोरीनं मला वाचून दाखवलं,
बोट ठेवून, एकेक अक्षर,
मी मान डोलावत राहिलो.
जनाक्कानं ती वायर
न्हाणीच्या चुलीत घातली. रबराचा वास
दिवाळीपर्यंत होता.

इराप्पा संध्याकाळी आला, पाटीकडे बघून बोलला:
ही लाइनचा श्वास ऐकत बसते.
लाइनचा थांबला की ही आपला धरून ठेवते.
बिघडलेली नाही, मामा. शहाणी आहे.

मग त्यानं पेटी बसवली, लोखंडी,
बाहेर एक दांडा: एक, शून्य, दोन.
एकला लाइन आणि सोलर, दोनला जनरेटर.
दोघं एकदम कधीच नाहीत,
जोर लावला तरी दांडा जात नाही.
मी विचारलं, जनरेटर चालू असताना
पाट्या पण चालू दे की, डिझेल वाचेल.
नको, म्हणाला. उरलेलं लाइन परत घेते,
ह्याला घेता येत नाही,
हा फक्त द्यायला शिकलाय. उलटं अंगावर आलं की जळतो.
आमच्या थोरल्या भावासारखा, म्हणालो मी.
इराप्पा हसला नाही, स्क्रू पिळत होता.

भीमशी आता खांबावर चढत नाही,
मीटर वाचतो.
दोन आकडे असतात आमच्यात, घेतलेलं आणि दिलेलं.
तीन बोटांत मशीन धरून
तो दोन्ही टिपतो, चिठ्ठी फाडतो.
गेल्या महिन्यात पेटीजवळ थांबला,
दांडा खालीवर करून बघितला.
इद चलो ऐत्री, म्हणाला.
चहा घेतला. बिस्किट नको म्हणाला.
मी सांगितलेलं नाही अजून.

आज परत गेलीय लाइट.
दांडा एकवरून काढलाय,
दोनवर नेलेला नाही.
मध्ये, शून्यावर, हात तसाच.
पंखा नाही, मोटार नाही, डिझेलची घरघर नाही,
वर पाट्या तापताहेत, कुणासाठी म्हणून नाही.
आतून जनाक्का विचारते,
काय करूलासा हो तिकडं?

ऐकूलोय, म्हणतो.