पाण्याखालचा चौथरा

बांबोळीच्या पठारावर, प्राणीघरात,
सकाळी साडेआठला मी पिंजरे मोजते.
एक नंबर: भुसा, पाण्याची बाटली, खाण्याच्या गोळ्या.
एवढंच. स्वच्छ.
दोन नंबरात चाक, शिडी, पत्र्याची नळी
आणि अर्धी करवंटी,
ती मी घरून आणली, डॉक्टर इनासियांना विचारून.
दर तीन दिवसांनी सगळ्याच्या जागा बदलायच्या,
पिल्लांचे डोळे उघडल्यापासून सहा आठवडे.

मग टाकी.
पाण्यात दुधाची पावडर कालवायची
तळ दिसेनासा होईपर्यंत,
आणि बोटभर खोल
एक काचेचा चौथरा लपवायचा.
पिल्लू सोडायचं. स्टॉपवॉच.
चौथ्या दिवशी दोन नंबरची
रेघ मारल्यासारखी सरळ जातात.
एक नंबरची कडेकडेनं फिरत राहतात,
भिंतीला नाक लावून,
जणू काठ हाच पत्ता.

आई कुर्डीची.
मी वाल्किणीची, धरणग्रस्तांच्या वसाहतीतली.
आमच्या घराला नाव नव्हतं, प्लॉट नंबर होता.
लहानपणी दोनदा मी चुकून
शेजारच्यांच्या स्वयंपाकघरात जेवायला बसले होते.

मे महिन्यात साळावलीचं पाणी उतरतं
तेव्हा आई चपला हातात घेते.
तडकलेला चिखल, माडांचे काळे खुंट,
मला सगळीकडे तेच.
ती कुणाला विचारत नाही.
चालते, डावीकडे वळते, वाकते:
हा आमचा उंबरा.
इथं जातं. इथं म्हशीचा खुंटा.
इथं बाबल्यो पडला, दात तुटला.
मी उगाच सेकंद मोजत असते.

इनासिया म्हणतात, मेंदूत फांद्या फुटतात.
रंग चढवलेला काप दाखवला त्यांनी,
चिऱ्याच्या भिंतीवरच्या शेवाळासारखा दाट.
काप कसा मिळतो
ते त्या बोलल्या नाहीत.
पिंजरे मीच धुते.

शुक्रवारी दोन्ही रिकामे होणार.
मोजमाप संपलंय, वही बंद.
काल कुलूप लावण्याआधी
मी एक नंबरात करवंटी ठेवली, उपडी,
दहा मिनिटं.
बराच वेळ कुणी जवळ आलं नाही.
मग एकानं मिशा लावल्या, फटीतून
आत गेलं.

वेळ झाली. करवंटी उचलली,
तरी ते त्या गोल जागेत
बसूनच होतं.