आकारमानाचं वजन

मरोळच्या कुरिअर ऑफिसात
मी दिवसभर लोकांची पार्सलं तोलते.
दुबईला चकल्या, कॅनडाला दाखले,
एकदा नागपूरला कुणाचं तरी प्लास्टर काढल्यावरचं वॉकर.
नियम असा, की खोकं हलकं पण मोठं असेल
तर काट्यावरचा आकडा धरायचा नाही.
लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले पाच हजार.
गिऱ्हाईक भांडतं, अहो, आत काही नाहीये, उशी आहे नुसती!
मी म्हणते, जागा अडवते ना.

पंधरा वर्षं हे म्हणतेय
आणि पंधरा वर्षं माझ्या टेबलाखाली
थंडगार चंदेरी कॅन.
साखर शून्य, उष्मांक शून्य.
साडेतीनला एक, सहाला एक,
महिनाअखेरीला तिसरा.
रिकामे पर्समधून घरी न्यायचे,
ऑफिसच्या टोपलीत कुणी मोजू नयेत म्हणून.

सुरुवात पक्की आठवते.
डोंबिवलीची मंडळी पोहे खाऊन गेली
आणि मध्यस्थाकडून निरोप आला,
मुलगी छान आहे, जरा अंगानं आहे.
जरा म्हणजे किती, ते कुणी तोलून सांगितलं नाही.
दुसऱ्या दिवशी शेनॉयच्या फ्रिजमधून पहिला कॅन काढला.
गोड, आणि गुन्हा नाही.

गेल्या महिन्यात दोन तारखेला सोडलं.
नफीसा म्हणाली, पाच किलो उतरतील बघ, माझ्या नणंदेचे उतरले.
बिलिंगचा दळवी म्हणाला, काही उतरत नाहीत,
उलट वाढशील, तोंडाला काहीतरी लागतंच माणसाच्या.
दोघांनी पन्नास पन्नासची पैज लावली.
माझ्या अंगावर.
शटर अर्धं ओढून मी मोठ्या काट्यावर चढले,
देवळात काढतात तशा चपला काढून.
अठ्ठ्याहत्तर किलो चारशे.

तिसऱ्या दिवशी डोकं असं धरलं
की पिनकोड दोन दोन दिसायला लागले.
साडेतीनला हात आपोआप टेबलाखाली जायचा
आणि चिकटपट्टीचं रीळ घेऊन वर यायचा.
सहाव्या दिवशी भडंग.
आठव्या दिवशी भडंग, वर जिलबी.
बाराव्या दिवशी एकोणऐंशी शंभर,
आणि दळवीकडून सगळ्यांना कटिंग.

मग अठराव्या की एकोणिसाव्या दिवशी
डब्यातली पोळी चावता चावता गोड लागली.
नुसती पोळी. भाजीचं झाकण अजून उघडलंही नव्हतं.
नफीसा, पिठात साखर आहे का गं, बघ.
तिनं तुकडा मोडून खाल्ला आणि म्हणाली,
उल्का, पोळी आहे ही.

तिसाव्या दिवशी अठ्ठ्याहत्तर दोनशे.
दोनशे ग्रॅम.
सकाळी पाणी प्यायले असते तर तेही नाही.
नफीसा म्हणते उतरलं, दळवी म्हणतो याला उतरणं म्हणत नाहीत.
शंभर रुपये ड्रॉवरमध्येच पडून होते,
परवा त्यातून स्टेपलरच्या पिना आणल्या.

रविवारी चारकोपला भंगारवाल्याला वर बोलावलं.
गॅलरीत पोत्यांवर पोती,
दार अर्धंच उघडायचं, आम्ही तिरके होऊन कपडे वाळत घालायचो.
रामसजीवननं एकेक कॅन टाचेखाली चपटा केला,
आई आतून ओरडली, काय फुटतंय?
आकडीच्या काट्याला पोतं लटकवून तो म्हणाला,
माल हलका है मॅडम, जगह बहुत खाता है.
अकरा किलो साडेतीनशे.
मी भाव केला नाही.
नोटा हातात घेऊन उगाच उभी राहिले,
या माणसाला आपला फॉर्म्युला कुणी सांगितला?

रिकाम्या जागेत खुर्ची टाकून बघितली.
बसली.
मग मी बसले.
साडेतीन वाजत आले असावेत,
कारण हात आपणहून खाली गेला.
लादी गार होती.