दहा फुटांवरचं दूर

मी भिंतीवर शेतं लावायचे.
ससेक्समधल्या पत्र्याच्या शेडमध्ये
जमीन उभी टांगलेली होती,
चाळीस फूट लांब,
आणि मी शिडीवर चढून
रंगवलेल्या भुश्श्यानं बार्ली पेरायचे.
एका मैलाला अडीच फूट.
डोंगर प्लास्टरचे, दुरूनच साजरे;
जवळ गेलं की ब्रशचे ओरखडे.
मेंढ्या करायच्या नाहीत असं ठरलं होतं.
मी तरी सात केल्या, खसखशीच्या.

रुळांवरून कॅमेरा यायचा
लवंगेएवढं भिंग पुढे काढून,
आणि पलीकडच्या खोलीत
कॅप्टन रसब्रिज घामाघूम होऊन
माझ्या धावपट्टीवर उतरायचा.
उतरून म्हणायचा,
"चित्र झकास आहे. पण काचेला चिकटलंय.
मी मान हलवतो,
तर धावपट्टी खिडकीच्या चौकटीला धरून बसते."

अँब्रोज टिकनरला हे कळायचं,
दिसायचं नाही.
त्याचा डावा डोळा सोळाव्या वर्षी
लेथवरून उडालेल्या कपचीनं गेला होता.
चहा ओतताना तो
कपाच्या काठावर बोट टेकवून ठेवायचा.

अशा माणसाला कंपनीनं सांगितलं,
आम्हाला दूर बनवून द्या.

काचेचा आरसा म्हशीएवढा जड झाला,
हलत्या केबिनवर चढेना.
मग त्यानं चंदेरी प्लास्टिकचा पापुद्रा
कड्यावर ताणला
आणि मागची हवा पंपानं ओढून घेतली.
पापुद्रा आत गेला,
श्वास रोखलेल्या पोटासारखा.
झाला आरसा.
पाठीशी काहीच नाही,
त्या काहीच-नाहीवर टिकलेला.

मी वैमानिकाच्या खुर्चीत.
तो खाली, हातात पाना.
"म्युरिएल, अजून जवळ आहे का?"
"जवळ."
पाव आटा.
"आता?"
"कुंपणापाशी."
"डोळे काय करतायत?"
"एकमेकांकडे झुकतायत."
आठवडे गेले असे. पंप दम्याच्या माणसासारखा,
मला थंडी, त्याला पाठदुखी,
दोघांना एकच बिस्किटांचा डबा.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी
माझे डोळे सुटले.
सुटलेच म्हणायचं;
दोन्ही सरळ समोर निघाले
शेजारी शेजारी,
कुठेही न भेटायला.
पडदा गेला, आरसा गेला, शेड गेली.
मी पेरलेली बार्ली
सात मैलांवर होती.
हात पुढे करायला गेले
आणि हातालाच कळलं,
पोहोचणार नाही.

"झोपलीस का?" खालून आवाज.

मग तो स्वतः बसला.
बराच वेळ.
"मला कालच्यासारखंच दिसतंय," म्हणाला,
आणि वहीत लिहिलं:
जमलं. म्यु. म्हणते.

पुढे एकदा रसब्रिजनं
उतरता उतरता नाक वर ओढलं,
इंजिनांचा आवाज छताला भिडला.
"धावपट्टीवर दोरखंड आडवा पडलाय!"
आम्ही भिंतीकडे धावलो.
केस होता. माझा,
पहिला पांढरा.
दोन हजार पटींनी मनगटाहून जाड.
अँब्रोजनं चिमटा घेतला,
दोनदा हवेतच मिटला,
तिसऱ्यांदा मी त्याचं कोपर धरलं.

आता सगळं संगणक काढतो.
जमीन करवतीनं कापली,
ट्रकनं नेली.
मेंढ्यांचा एवढासा तुकडा मी मागून घेतला;
खिडकीत ठेवलाय, पाच उरल्यात.
पोराटोरांना खसखस वाटते,
आहेच ती.

पण रात्री पंप बंद करायचं काम माझं होतं,
ते आठवतं.
कळ खाली केली की
आधी क्षितिजाला सुरकुती,
मग डोंगर ढिले पडायचे,
धावपट्टी लोंबायची वाळत घातलेल्या चादरीसारखी.
दिवा लावला की खोली खोलीएवढी.
किटली.
दोन कप.
आणि काठावर
त्याचं बोट.