प्रश्न सतरावा

हॅलिफॅक्सला पहिल्या हिवाळ्यात
धक्क्यावर वास आला मासळीचा
आणि मी थांबले, हातमोजे काढून.
वास ओळखीचा, पण थंडीनं अर्धा मिटलेला,
दुसऱ्याच्या घरातल्या आमटीसारखा.

वर्गात त्या दिवशी एक आलेख होता:
चाळीस वर्षं चढणारी रेघ, मग कडा, मग काहीच नाही.
"इथे काय चुकलं?" सरांनी विचारलं.
कुणी म्हणालं आकडे. कुणी म्हणालं अनुदानं.
मी म्हणणार होते, विचारलं कुणाला होतं?
पण त्याचं इंग्रजी जुळेपर्यंत
घाटातल्या एस्टीसारखा
तास पुढच्या वळणाला लागलेला.

माझ्या कर्जाला जामीन राहिला पास्कू डिसोझा,
बर्फाच्या कारखान्याचे कागद घेऊन.
"सार्वजनिक धोरण?" मॅनेजर म्हणाले, "म्हणजे पुढे काय?"
"सायेब, बरफ इरघळता. तिचां शिकाप इरघळूचां नाय."
मग पायऱ्या उतरताना मला, हळूच:
"पण नेमकां काय गो तां?"

मे महिन्यात परत आले ती पाहणीला.
एकशे बारा फॉर्म आणि नैतिकता समितीचं संमतिपत्र:
"आपण केव्हाही उत्तर नाकारू शकता"
हे तळाशीलच्या वाळूत उभं राहून मोठ्यानं वाचायचं.
द्रौपदी टिकम बांगडे लावता लावता थांबली.
"नाकारूक जमता? मगे तसा आधी सांग,"
म्हणाली, आणि टोपली उचलून गेली.

प्रश्न सतरावा: बंदीच्या मुदतीचा निर्णय होताना
आपलं मत विचारात घेतलं जातं का?
पाच चौकटी.
नेहमी, बऱ्याचदा, कधीकधी, क्वचित, कधीच नाही.
नाना तांडेल चौकटींकडे बघत राहिला
जाळ्याचा आस बघावा तसा.
बोट घालून पाहिलंन एकीत.
"ह्येतून बारको मासो सुटान जातलो."

आमच्याकडे धोरण हा शब्द बाईला लावतात.
तिला धोरण आहे, म्हणजे आषाढ सरताना
तिच्या डब्यात सुकटीचा एक थर अजून असतो.
तिला धोरण नाही, म्हणजे पुढे बोलणंच नाही.
माझ्या आईला होतं.
हे मी प्रबंधात तळटीप म्हणून घातलं.
मार्गदर्शक बाईंनी समासात लिहिलं: "सुंदर. संदर्भ?"
आईच्या नावापुढे कंसात वर्ष कोणतं घालावं
यात माझी एक अख्खी रात्र गेली.

पदवीनंतर दोन पत्रं.
ऑटावाहून: मुलाखतीची तिसरी फेरी,
कृपया वर्क परमिटची मुदत कळवावी.
ओरोसच्या मत्स्य कार्यालयातून: सल्लागार, करार अकरा महिने,
प्रवासभत्ता नियमानुसार.
ऑटावाला नको म्हटलं तो दिवस शूर वगैरे नव्हता.
हप्ता मोजला. रडले. पुन्हा मोजला.
पास्कूला फोन लावला.
"अकरा म्हयने?" तो म्हणाला, "बरफापेक्षा बरे टिकतले."

ओरोसला माझ्या टेबलावर पंखा नाही, खिडकी आहे.
पहिलं काम: नुकसानभरपाईचा अर्ज नव्यानं बांधणे.
सतराव्या जागी मी चौकटी काढून टाकल्या,
सात ओळी कोऱ्या सोडल्या.
मुणगेकर भाऊसाहेब चष्म्यावरून म्हणाले,
"मॅडम, एवढ्या जागेनं कागद दोन होणार.
रीमची मागणी मार्चमध्येच गेली."
मी तीन ओळी कमी केल्या.
(हे शिकायला समुद्र ओलांडायची गरज नव्हती.)

चार ओळींचा पहिला अर्ज आला तो भिजका,
कोपऱ्याला खवलं चिकटलेलं.
नातीच्या शाळकरी अक्षरात, द्रौपदी टिकम:
"विचारलंस म्हणान सांगतंय. हय जागा पुरूची नाय.
पान परत."

मी पान परतलं.