साल

ज्वारीच्या दाण्याएवढी असते ती,
मूत्रपिंडाच्या माथ्यावर, चरबीत दडलेली.
पुस्तकात तिचं नाव अधिवृक्क.
चाँदपाशा तिला दाणा म्हणतो.
"मॅडम, आज किती दाणे?"

बारा.
डावा मुळासकट काढायचा.
उजव्याला नुसती चीर द्यायची
आणि चिमट्याने दाबायचं, हलकेच,
बालाघाटातलं पिकलेलं सीताफळ दाबावं तसं.
गर बाहेर. साल जागच्या जागी.
मग टाके,
मग बाटलीत मिठाचं पाणी,
लिटरला दहा ग्रॅम.
"आमच्या गल्लीतल्या बोअरचंच भरा की,
तेवढंच कॉलेजचं मीठ वाचंल."

अंबाजोगाईला दुपारी पंखे बंद पडतात,
उंदीरखान्याचा पत्रा तडतडतो.
तशातही साल आतून दाटत जाते,
पेशीला पेशी चिकटते,
सहाव्या आठवड्यात दाण्याचा पुन्हा दाणा.
आणि नेमकं याच दिवसांत,
भरून येताना,
रक्त चढतं.

मला वाटायचं, कापलं की चढेल.
तेव्हा एकशे अठरा. एकशे वीस. शांत.
आज शेपटी कोमट करून कफ सरकवला,
बांगडी भरतात तसा, कातडी सांभाळत.
बेचाळीस नंबर लाल डोळ्यांनी बघत राहिला:
एकशे चौऱ्याऐंशी.
शेजारच्या पिंजऱ्यातले, ज्यांचं काहीच काढलं नाही,
तेही हेच पाणी पितात.
त्यांना काही होत नाही.

चाँदपाशाची रझिया उन्हाळ्यात गेली.
चाळिसावा झाल्यावर तो कामावर आला,
डॉक्टरांनी तपासलं. सगळं ठीक.
आता तो स्वतः भाकरी थापतो.
आधी नुसते नकाशे व्हायचे,
परवा डबा उघडून दाखवली, गोल,
आणि हसला, किती महिन्यांनी.
"भाजीत मीठ दोनदा पडतंय, तेवढं सोडा."

काल पिंजरे धुताना त्याला घेरी आली.
स्टुलावर बसवून
माणसांचा कफ मी त्याच्या दंडाला बांधला.
पारा वर गेला, थांबला, ठोका लागला.
मी आकडा सांगितला नाही.
"माझं तर कुणी काही काढलं नाही मॅडम,"
तो म्हणाला, बाही खाली ओढत.

मग उठला. बाटल्या भरायच्या राहिल्या होत्या.
दहा ग्रॅम, काट्यावर तोलून. ढवळलं.
बोट बुडवून जिभेला लावलं,
जसं हल्ली भाजीचं बघतो.

"बरोबर आहे," म्हणाला.